तीनदा पडू द्या

सुमन, जरा शांत बस आणि हे नीट वाच. चार वेळा फोन केला, एकदाही उचलला नाहीस. एवढी कसली कामं असतात गं पुण्यात? बाप नव्हता तुझा असा. सगळे त्याला फिटर भाऊ म्हणायचे; मी निरोप धाडला की टाकव्याहून इथं लोणावळ्याला त्याच दिवशी हजर.

यायचा, पण आल्या आल्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. चहाचा कप घेऊन समोर बसायचा आणि बटण मला दाबायला लावायचा. "तीनदा पडू द्या मावशी. कुटंवर येतंय आन् कुटं बंद पडतंय, ते बघू." कारखान्यातली सगळी हयात त्यानं बंद मशिनींपुढं अशीच काढलेली.

पहिल्यांदा आला तो श्रावणात. आपल्याकडची ओल तुला ठाऊकच, कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते. म्हणून मी शहाणीनं कॉम्प्युटरचा डबा आषाढभर प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवला. सोडून चालू केला, तर पडद्यावर कंपनीचं चित्र येई, खालचं चक्र दोनदा फिरे, आणि काळं. परत पहिल्यापासून. प्लास्टिकच्या आतले थेंब पाहून भाऊ म्हणाला, "लोणचं घातलं व्हय ह्याचं?"

मला हसू येईना. गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या मी चार वर्षं त्यात भरत होते, त्यांच्याच आवाजात. दुसरीकडे कुठं उतरवून ठेवायच्या असतात, हे मला कोण सांगणार? त्यात तुझी आजी होती, आणि ती तर आदल्या वर्षीच गेलेली. हे सांगितलं तसा भाऊनं कप खाली ठेवला. "आदी म्हातारीला भाईर काडू. घर मागनं दुरुस्त करू."

डबा उघडून हार्ड डिस्क काढली, आपल्या लॅपटॉपला जोडली, सगळं माझ्या पेन ड्राइव्हवर उतरवलं. मगच मेमरीच्या पट्ट्या काढून पोरांच्या खोडरबरानं घासल्या. एक लावून पाहिली, मग दुसरी. दोन्ही एकदम कधी लावायचा नाही. म्हणे, मग दोष कुणाचा ते कळत नाही.

चालू झाल्यावर त्यानं आपल्या आईचा आवाज लावायला सांगितला. तिनं ओवीत लेकाचं नाव गुंफलंय, हे त्याला माहीतच नव्हतं. तो ड्युटीवर असताना म्हटलेली ती. ऐकून रबर बोटात फिरवत बसला नुसता.

पुढं दर महिन्याला यायचा, कॉम्प्युटर धड असला तरी. तूही ओव्यांची एक प्रत घरी ने की, म्हटलं तर म्हणायचा, "नेली तर हितं यायला कारण काय सांगू?"

त्याला जाऊन माघात वर्ष झालं. परवा डबा पुन्हा बंद पडायला लागला. मी तीनदा पडू दिला, त्याच्याच रबरानं पट्ट्या घासल्या, एकेक लावल्या. चालू झाला गं. आणि मी मागं वळून बघितलं, शाबासकीसाठी. या वयात.

आजीच्या ओव्या फोनवर पाठवा, असा निरोप ठेवलास. मिनिटाचं काम, जमतं मला. पण नाही पाठवणार. मग इथं यायला कारण काय सांगशील? या रविवारीच ये.