चिमटा कितव्या घरावर

आमच्या हिच्या मामांइतका एकनिष्ठ भांडखोर माणूस मी म्हैसुरात दुसरा पाहिलेला नाही. बाकीची माणसं दूधवाल्याशी भांडतात, शेजाऱ्याशी भांडतात, घरात भांडतात आणि आठवड्याभरात कोणाशी कशावरून वाजलं तेही विसरून जातात. मामांनी आयुष्यात एकच भांडण केलं, एकाच माणसाशी, एकाच मुद्द्यावर, आणि ते अकरा वर्षं चालवलं. तो माणूस आयर्लंडमध्ये राहायचा. मुद्दा असा, की पन्नासेक वर्षांपूर्वीच्या एका मैफलीत, चौथ्या गाण्याच्या वेळी, एका उंच गिटारवाल्याने गिटारच्या मानेला लावलेला चिमटा दुसऱ्या घरावर होता की तिसऱ्या.

गिटारची मला काही माहिती नव्हती, म्हणून मामांनी मला समजावलं तेवढंच सांगतो. मानेवर आडव्या पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांमधल्या जागेला घर म्हणायचं. चिमटा एक घर पुढे सरकवला की सूर अर्ध्याने चढतो. बस्स. ही मैफल होती इंग्लंडातल्या पाच जणांची. खेड्यापाड्यांतली जुनी गाणी ही मंडळी विजेच्या गिटारी आणि ड्रम घेऊन वाजवायची. त्या मैफलीची बावन्न मिनिटांची चित्रफीत इंटरनेटवर आहे आणि तिच्याखाली जगभरच्या चाहत्यांनी चार हजारांवर अभिप्राय लिहिलेले आहेत. ड्रमवाला रुसला होता की त्याची दाढ दुखत होती, फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणाऱ्या बाईची तार दुसऱ्या गाण्यात तुटली की तिसऱ्या, मागे उभं राहून सफरचंद खाणारा इसम कोण, असे तिथले वाद. मामा त्यांत पडत नसत. "ते सगळं सुम्ने, उगाचचा टाइमपास हो," ते म्हणायचे. "मुद्दा एकच आहे."

चित्रफितीवरूनच निकाल लागला असता, पण फिडलवाल्या बाईचा उजवा कोपर आडवा येतो. चौथं गाणं चार मिनिटं चोवीस सेकंदांचं आहे. त्यात गिटारवाल्याचा डावा हात एकूण सहा सेकंद पडद्यावर येतो, आणि त्या सहाही सेकंदांत समोर कोपर आहे. मामांनी कोणाचा दुःस्वास केला असेल तर त्या कोपराचा. "स्वल्प इकडे सरकली असती तर काय बिघडलं असतं तिचं?" असं ते मला अशा सुरात विचारायचे, जणू तिला तिथे मीच उभं केलं होतं.

हिचं माहेर म्हैसूरच्या जुन्या मराठी घराण्यांपैकी. पूर्वज राजाच्या फौजेत होते. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात कन्नड इतकं मिसळलेलं, की मी अठरा वर्षांपूर्वी सांगलीहून इथल्या कारखान्यात नोकरीला आलो तेव्हा मामांचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही. पुढे कळायला लागलं, तोवर कोपर आला होता, आणि राहिलेलं निम्मंही त्याबद्दलच निघालं.

मामा नजरबादच्या एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं होते. त्यामुळे त्यांचं भांडणही कचेरीच्या शिस्तीत चालायचं. आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मुद्दा लिहायचा, लाल शाईने दुरुस्त करायचा, आणि मग एका बोटाने संगणकावर उतरवायचा. सुरुवात कायम "आपल्या कालच्या अभिप्रायाच्या संदर्भात" अशी. आयर्लंडवालाही काही कमी नव्हता. तो "माझ्या प्रिय महाशय" अशी सुरुवात करून पुढच्या चार ओळींत मामांच्या कानांची, यंत्राची आणि देशातल्या विजेची अब्रू काढायचा. त्याने स्वतःचं खरं नाव कधी सांगितलं नाही. हट्टाने 'दुसरं घर' याच नावाने लिहायचा. कुत्र्याला फिरवून आला की तिकडच्या सकाळी नऊ वाजता तो लिहायला बसे. म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच, कारण तिकडे वर्षातून दोनदा घड्याळं तासाने सरकवतात. मामांनी जेवणाची वेळ त्याप्रमाणे बांधून घेतली होती. आयर्लंडची घड्याळं बदलली की जेवणाची वेळ बदलणारं सरस्वतीपुरममधलं हे एकमेव घर असावं.

मामांचा पुरावा म्हणजे एक कॅसेट. कॉलेजात असताना त्यांनी स्वतःही दोन वर्षं गिटार वाजवली होती. त्या दिवसांत ही मैफल एका परदेशी रेडिओने अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात लावली, आणि मामांनी रेडिओसमोर एका मित्राचा रेकॉर्डर ठेवून ती उतरवून घेतली. त्यात खरखर आहे, बाहेर कोणाची तरी सायकल पडल्याचा आवाज आहे, आणि सतराव्या मिनिटाला मामांची आई त्यांना जेवायला हाक मारते. हीच एक ओळ सोडली तर आईचा आवाज कुठेच राहिलेला नाही. तर या कॅसेटवर चौथं गाणं चित्रफितीपेक्षा अर्ध्या सुराने चढं ऐकू येतं. म्हणजे चिमटा तिसऱ्या घरावर. मामांचं म्हणणं, चित्रफीत हातोहात फिरताना कुठेतरी मंदावली, रेडिओ मात्र सरळ कानात आला. आयर्लंडवाल्याचं म्हणणं, महाशयांचं यंत्र खोटं बोलतं.

कॅसेट मामा कोणाच्या हाती देत नसत. स्वतः मात्र तिचा घड्याळासारखा वापर करायचे. इडलीपात्र ठेवलं की दुसरं गाणं, तिसरं गाणं आणि त्यामागच्या टाळ्या, एवढं झालं की गॅस बंद. मामींनी असल्या स्वयंपाकावर कायम नापसंती दाखवली, पण मामी सहा वर्षांपूर्वी गेल्या आणि मग मामांना अडवायला कोणी उरलं नाही. त्यांच्या इडल्या मधोमध जरा ओलसर लागायच्या. आमची ही म्हणायची, "मामा, अजून एक गाणं लावत जा की." मामा म्हणायचे, "बिडु गं, सोड ते, पीठच तसं आहे."

मामी गेल्या तेव्हा मामांनी नऊ दिवस काही लिहिलं नाही. दहाव्या दिवशी त्यांनी दोन ओळींत कारण कळवलं. आयर्लंडवाल्याचं उत्तर मला मामांनी दाखवलं होतं. "माझ्या प्रिय महाशय, वाचून फार वाईट वाटलं. माझी बायको जाऊन चार वर्षं झाली. दुपार सगळ्यांत जड जाते. चिमटा अर्थातच दुसऱ्या घरावर होता." मामांनी हे मला वाचून दाखवलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "बघा, काय माणूस आहे. हरायला तयारच नाही."

या वर्षी उगादीनंतर आयर्लंडवाला लिहीनासा झाला. पहिले पाच दिवस मामांना तो विजय वाटला. दहाव्या दिवशी त्यांनी पुराव्याचे तीन नवे मुद्दे घातले. तेविसाव्या दिवशी त्यांचा मला फोन आला.

"जावईबापू, कारखान्यात तुम्ही मोजायची यंत्रं तपासता, अल्लवा?"

"हो मामा."

"मग या रविवारी तुमचं ते सेकंदाचं घड्याळ घेऊन या. कॅसेट मोजायची आहे."

मी गेलो तेव्हा कॅसेट आणि रेकॉर्डर टेबलावर काढून ठेवले होते. तो गप्प होण्याआधीचा आपला शेवटचा अभिप्राय मामांनी मला दाखवला. त्यात अखेरीस होतं, "आपण बहिरे आहात काय, हे कृपया कळवावे."

"हे जास्त झालं," मामा म्हणाले. "तो चिडला. अकरा वर्षांत मी त्याला बहिरा म्हटलं नव्हतं."

"मग माफी मागा."

"माफी मागून तो परत येणार नाही. त्याला जिंकायचं आहे. मी हरतो म्हणून कळवतो. पण सुम्ने हरलो तर त्याला खोटं वाटेल. कारण लागतं. तुम्ही मला एक आकडा द्या."

मला आकडा शोधायला फार वेळ लागला नाही. कार्यक्रमाच्या सुरुवातीला निवेदक वेळ सांगतो आणि शेवटी पुन्हा सांगतो. मध्ये बरोबर अर्धा तास. मी कॅसेट तीनदा वाजवली. अठ्ठावीस मिनिटं अठरा सेकंद, पुन्हा अठ्ठावीस अठरा, आणि तिसऱ्यांदा अठ्ठावीस एकोणीस. चौथं गाणं चार मिनिटं चोवीसच्या ऐवजी चार मिनिटं नऊ सेकंदांत आटपत होतं. मामांचं यंत्र शंभराला सहा या हिशेबाने जलद पळत होतं. फीत जलद पळाली की सूर चढतो, आणि शंभराला सहा म्हणजे जवळजवळ नेमका अर्धा सूर. एक घर.

मी हे कागदावर मांडून मामांसमोर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे इडल्या..."

"हो मामा."

"आयतु, झालं तर मग," ते म्हणाले.

यंत्राच्या मोटरला मागून एक बारीक भोक असतं, आत वेग कमीजास्त करायचा स्क्रू. तो हळूहळू फिरवत, मोजत, पुन्हा फिरवत मी अर्ध्या तासाचा अर्धा तास करून दिला. तपासणीसाठी कॅसेट पहिल्यापासून लावली. मामा कॅलेंडरच्या पाठीवर कबुलीचा मसुदा करत बसले होते. खरखर झाली, सायकल पडली, आणि आईची हाक आली. "बारो, जेवाला बारो. अन्न निवतंय."

ही हाक मी त्या दुपारी तीनदा ऐकली होती. आवाज बारीक, घाईचा, जरा तडकलेला होता. आता तो खाली उतरला होता आणि शब्दांच्या मध्ये थोडी थोडी जागा होती. मामांचं पेन थांबलं. "पुन्हा लावा," ते म्हणाले. मी पुन्हा लावली. मग आणखी एकदा.

"इतकी वर्षं मला वाटायचं, ती चिडून बोलावतेय," मामा म्हणाले. "मी रेडिओजवळ बसून राहिलो, गेलो नाही, म्हणून." मग म्हणाले, "चिडली नव्हती हो."

कबुली त्यांनी त्याच दुपारी टाकली. माझे आकडे सगळे दिले, यंत्राचा दोष मान्य केला, आणि अखेरीस लिहिलं, "चिमटा दुसऱ्या घरावर होता. आपण बहिरे नाही. कळावे." चाहत्यांत मोठी खळबळ झाली. कोणी अभिनंदन केलं, कोणी शाबासकीचा अंगठा उमटवला, ब्राझीलच्या एकाने मला स्वतंत्र धन्यवाद दिले. आयर्लंडवाल्याचं उत्तर आलं नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. त्याचे गुडघे दुखतात हे मामांना ठाऊक होतं. त्याच्या कुत्र्याचं वय चौदा आहे, त्याला स्वतःला साखर घातलेला पाव आवडतो, मुलगी ऑस्ट्रेलियात असते, हेही ठाऊक होतं. पण विचारपूस करायची तर कोणाच्या नावाने करायची, ते ठाऊक नव्हतं. 'दुसरं घर' या नावाने आयर्लंडमध्ये कोणाला फोन लागत नाही.

गेल्या रविवारी मी हिने दिलेला डबा घेऊन गेलो तेव्हा दीड वाजायला आला होता. मामांनी इडल्या केल्या होत्या. छान शिजल्या होत्या, मी तसं सांगितलंही. मामा "हं" म्हणाले. टेबलावर संगणक चालू होता, पण त्याच्याकडे त्यांची पाठ होती. कॅलेंडरचे कोरे कागद एकावर एक नीट रचलेले होते आणि लाल पेनाला टोपण घातलेलं होतं.

"लिहीत नाही का काही?" मी विचारलं.

"काय लिहू? मुद्दाच राहिला नाही आता."

मी बावीस वर्षं मोजमापाचं काम करतो. आजवर एकाही चुकीच्या आकड्यावर सही केलेली नाही. इडलीचा शेवटचा घास संपवून मी म्हणालो, "मामा, मला अजून वाटतं, तिसरंच घर होतं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच मोजलंत की."

"मोजण्यात चूक होऊ शकते. निवेदकाचं घड्याळ मागे असेल. त्याचं घड्याळ कोणी तपासलं होतं?"

"तीनदा मोजलंत. कागद आहे माझ्याकडे."

"कागद असेल. पण माझे कान मला तिसरं सांगतात."

मामा माझ्याकडे बघत राहिले. माझ्या कानांना सूर कळत नाहीत हे त्यांना अठरा वर्षं माहीत आहे. मग त्यांनी खुर्ची टेबलाकडे ओढली, कागद समोर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

"माझ्या प्रिय महाशय," ते म्हणाले, आणि आयर्लंडवाल्याचा पहिला मुद्दा त्यांनी सांगायला घेतला. मग दुसरा, मग सहा वर्षांपूर्वीचा, मग फिडलच्या मोकळ्या तारेवरून सूर ओळखण्याचा, जो मामांनी त्या वेळी धुडकावून लावला होता. अकरा वर्षांचं त्या माणसाचं सगळं म्हणणं त्यांना शब्दन्‌शब्द पाठ होतं. माझ्या कानांची आणि सांगलीच्या विजेची अब्रू काढूनही झाली. मी जमेल तसा तिसऱ्या घरावर टिकून राहिलो. अडीच वाजून गेले तरी संपलं नव्हतं. उरलेलं पुढच्या रविवारी म्हणून मी उठलो.

"किती वाजता याल?" मामांनी दारात विचारलं.

"दीडला," मी म्हणालो. "हिवाळ्यात अडीचला."