व्यवस्थापकांनी आणलेला केसपेपर

ती घटना आठवली की आजही डोकं तापतं, आणि तो राग सगळा दुसऱ्यावरचा नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक महिने झाले होते. मी बुलढाण्याला ठाणेदार होतो. तिथल्या एका धर्मादाय रुग्णालयाचे व्यवस्थापक स्वतः ठाण्यात आले. जानेफळकडची एक बाळंतीण, राज्य होण्याच्या आठवडाभर आधी, त्यांच्याकडे रक्तस्रावाने दगावली होती. मोठे डॉक्टर त्या दिवशी रजेवर होते. तिचा नवरा आता जाब विचारू लागला होता.

व्यवस्थापकांनी केसपेपर पुढे ठेवला. "नर्सनं आम्हाला दुपारी चारला कळवलं. तोवर हाताबाहेर गेलं होतं."

मी त्यांना बसवून चहा पाजला आणि फिर्याद लिहून घेतली. गुन्हा, निष्काळजीपणाने मृत्यू. नर्सला बोलावलं आणि दोन तास उभं ठेवलं.

ती साखरखेर्ड्याची, पंचविशीच्या आतली. एकच सांगत होती, "साहेब, सकाळी नऊपासून मी तीनदा गाडी मांगतली. हिले अकोल्याले न्या म्हटलं. त्यायनं गाडी पाहुण्यांसाठी ठेवली."

"लिहून ठेवलं होतंस?"

"हाव. केसपेपरवरच लिहिलं."

समोरच्या केसपेपरवर तसं एक अक्षर नव्हतं. मी तिला खोटारडी म्हणालो आणि अटक केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच रुग्णालयातली आया ठाण्यात आली. पन्नाशीची मुसलमान बाई. दारातूनच म्हणाली, "साहेब, तो कागद बदलला."

"तुला वाचता येतं?"

"नाही येत. पण जुन्या कागदावर माह्या हातून आयोडीन सांडलं होतं. सिस्टर मले रागावली होती. तुमच्याजवळच्या कागदावर डाग हाय का, पाहा."

मी कपाटातून केसपेपर काढला. डाग नव्हता. मग वरची छापील ओळ वाचली. रुग्णालयाचं नाव, आणि खाली, 'जि. बुलढाणा, महाराष्ट्र राज्य'. ती बाळंतीण वारली तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो. छापखानेवाल्याने जबाब दिला की या पत्त्याचे फॉर्म त्याने राज्य झाल्यावर तीन आठवड्यांनी छापून दिले.

नर्सला त्याच दिवशी सोडवण्याची खटपट केली आणि व्यवस्थापकांना बोलावलं.

"गाडी कुठे होती?"

"नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. पाहुणे मलकापूरला रेल्वेनं उतरणार होते."

"इथे बाई मरत होती."

"ठाणेदारसाहेब, रुग्णालयात रोज कोणी ना कोणी मरतं. उद्घाटन एकदाच होतं."

त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. कागद कोणी बदलला, या प्रश्नावर म्हणाले, "कारकुनाला विचारा."

कारकुनाने पहिल्याच चौकशीत कबूल केलं, "मीच बदलला." कोणाच्या सांगण्यावरून, ते तो शेवटपर्यंत बोलला नाही. त्याचं बिऱ्हाड रुग्णालयाच्याच आवारात होतं. त्याला शिक्षा झाली. व्यवस्थापकांविरुद्ध मी खूप धडपडलो, पण पुरावा उभा राहिला नाही. ते मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात गेले, तिथे संचालक झाले आणि पुढे एका विद्यापीठाचे विश्वस्त.

बऱ्याच वर्षांनी बुलढाण्याच्या एका महाविद्यालयात त्यांचा सत्कार झाला. बंदोबस्त माझ्याकडे होता. सेवा या विषयावर ते अर्धा तास बोलले. खाली उतरून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ओळखलंत का?"

"ओळखलं. त्या बाईचं नाव आठवतं का?"

"कोणती बाई?"

मी आयुष्यभर खोटं बोलणारी माणसं पाहिली आहेत. हे नाटक नव्हतं. ते खरोखर विसरले होते. मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गाडीकडे निघाले.

या प्रकरणानं मला एवढं शिकवलं, की सगळे कागद व्यवस्थित घेऊन येणाऱ्या फिर्यादीचीच आधी उलटतपासणी करावी. पुढे नोकरीभर मी तेच केलं. पण हे शिकायला एका निरपराध मुलीची अटक खर्ची पडली. तिच्यावरचा गुन्हा मिटला तरी तिला पुन्हा कुठल्या दवाखान्यानं घेतलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी साखरखेर्ड्याला गेलो. तिनं ओळखलं, ओसरीवर बसवलं. मी माफी मागितली.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी आले, बरं केलं. पण माफी मी देत नाही, साहेब."

तिचं बरोबर होतं.