दुधरामभाऊंचं विंटरग्रीन

दुधरामभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी सडक अर्जुनीच्या घरी मेथी निवडत बसले होते. कधी, कसं, दवाखान्यात नेलं होतं का, सगळं रीतसर विचारलं. हृदयविकाराचा झटका, घरातच. फोन ठेवला आणि मनात पहिला विचार आला... आता तरी मुलं झाडांची नावं मला विचारतील. खोटं कशाला लिहू? रडू नंतर आलं, आधी हे आलं. दीड महिना होत आला, लाज काही जात नाही.

आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते आणि दुधरामभाऊ प्रयोगशाळेत परिचर होते. राहणार केशोरीचे, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या घरातले, शिक्षण बारावीपर्यंत. मी एम.एस्सी., तीही पहिल्या वर्गात! पण मुलांच्या हाती एखादं अनोळखी पान लागलं की माझ्या टेबलावरून वळसा घालून ती थेट भाऊंकडे जायची. भाऊ पान हुंगायचे, मोडायचे, कधी चाटूनही बघायचे. "हे मोहाचं नाही बाबू. तोडून पाह्य, चीक कुठं निघते?" मी पुस्तकात शोधून त्याच उत्तराला येईपर्यंत तास संपलेला असायचा. "भाऊ म्हणाले" हे दोन शब्द ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वर भाऊ इतके सज्जन की भांडायलाही जागा ठेवायचे नाहीत.

एका वर्षी आमची अभ्याससहल निलगिरीला गेली. तिथल्या एका रोपवाटिकेत गॉल्थेरियाची रोपं विकायला होती. इंग्रजीत त्याला विंटरग्रीन म्हणतात. थंड डोंगरावरचं, कमरेइतकं वाढणारं सदाहरित झुडूप. हे कूळ मी फळ्यावर कितीदा शिकवलं होतं, पण झाड कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. जाड, चामड्यासारखं पान, वरून चकचकीत, खालून फिकं आणि तपकिरी ठिपक्यांचं, कडेला बारीक दाते. मी मुलांना हे सांगत होते तोवर भाऊंनी एक पान चुरगळून नाकाशी नेलंही. "अरे बाप्पा! मॅडम, हे त कमरेले लावाचं मलम होय जी!" सगळी मुलं पानं हुंगायला धावली. खरंच तसाच वास होता. माझे दाते आणि ठिपके कुणाच्याही लक्षात राहिले नाहीत, मलम मात्र आजही सगळ्यांना आठवतं.

आम्ही दोघांनी एकेक रोप आणलं. माझं पंधरा दिवसांत वाळून गेलं. भाऊंचं जगलं. आमच्या उन्हात ते जगणं शक्यच नव्हतं, पण त्यांनी कुंडीत जंगलातला कुजलेला पाला भरला, ती जांभळाखाली, पाण्याच्या रांजणाला टेकवून ठेवली आणि उन्हाळाभर भोवती ओलं पोतं गुंडाळलं. फाल्गुनात साग-पळस उघडेबोडके झाले तरी त्यांच्या अंगणातलं ते झुडूप हिरवंगार! दुसऱ्या वर्षी त्याला फुलंही आली. पांढरी, इवल्या घागरींसारखी, तोंडं खाली करून लोंबणारी. मग निळसर फळं धरली. मी वर्गात मोठ्या ऐटीत सांगितलं, की वरचा गर हा फळाचा नव्हेच, फुगलेल्या निदलपुंजाचा, म्हणजे फुलाच्या बुडाशी असणाऱ्या हिरव्या दलांचा आहे, खरं फळ आत असतं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "हो मॅडम, काल भाऊंनी चिरून दाखवलं."

त्यानंतर एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले होते. अंगणात चहा घेत उभी होते. पानांवर पांढरे किडे दिसले म्हणून भाऊंनी चुलीतली राख मुठीत घेतली. आमच्याकडे वांग्यापासून गुलाबापर्यंत सगळ्यांना हेच औषध, आणि ते लागूही पडतं. पण या झाडाला आंबट माती लागते, राखेनं ती बिघडते, आणि हे मला पक्कं माहीत होतं. "भाऊ, थांबा" एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी कपात बघितलं... आणि शब्द चहाबरोबर गिळून टाकले. राख पडली.

पुढे कोवळी पानं शिरांमधून पिवळी पडायला लागली. भाऊंनी कॉलेजात पान आणून दाखवलं, "काऊन होऊन राहिलं मॅडम असं?" मी म्हटलं, "हवा मानवत नसेल." त्यांनी मान डोलावली. पावसाळा संपेपर्यंत झाड गेलं. आणि मला, देवाशपथ सांगते, हलकं वाटलं होतं.

मागच्या आठवड्यात भाऊंच्या पत्नीला, शेवंतावहिनींना, भेटायला केशोरीला गेले. हे सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच गेले होते. वहिनींनी मला अंगणातच खाट टाकून बसवलं. बोलता बोलता विषय त्याच झाडावर आला, आणि मी तोंड उघडायच्या आत वहिनीच म्हणाल्या, "लय जीव होता जी त्यायचा त्या झाडावर. मी म्हणत होती, राख नोका टाकू, झाड पिवळं पडून राहिलं. त मलेच म्हणत, 'पहिली मूठ मॅडमच्या समोर टाकली ना? चुकत असतो त मॅडमनं तिथंच हात धरला असता.' मंग दर रविवारी टाकत गेले."

मी तासभर बसले. शेजारणी येत-जात होत्या, वहिनी त्यांना माझी ओळख करून देत होत्या, "ह्या त्यायच्या मॅडम." निघताना वहिनींनी पिशवीभर तांदूळ दिला, तोही मी घेतला.

वहिनींना वाचता येत नाही, पण त्यांची नात दर रविवारी त्यांना पेपरची ही पुरवणी वाचून दाखवते. म्हणून इथे लिहिते आहे. बेटा, एवढं आजीला जरा मोठ्यानं वाचून दाखव... वहिनी, मला माहीत होतं.