दोन हातांची शाल

फेब्रुवारीत बेंगळुरूच्या बनशंकरीतल्या आमच्या रस्त्यावर टॅबेबुया फुलतो. झाडावर पान नसतं, नुसती गुलाबी फुलं, आणि खाली पडलेल्या सड्यावरून स्कूटर नेताना उगाच चोरट्यासारखं वाटतं. त्या फुलांची क्रोशाची शाल करावी असं मनात आलं, तेव्हा पुण्याहून नोकरीसाठी इथे येऊन मला बरीच वर्षं झाली होती. तरी जवळचं म्हणावं असं माणूस एकच होतं, खालच्या मजल्यावरच्या अक्का. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या बेंगळुरूचं मराठी बोललं जातं, निम्मं कानडीत भिजलेलं. आमची भाषा जुळायला वेळ लागला. विणकाम पहिल्याच दिवशी जुळलं.

शालीची मांडणी मी अशी केली की दोन्ही टोकांना फुलं दाट आणि मधे विरळ होत होत नुसती जाळी. म्हणजे सडा पुढे लोंबणार आणि उघड्या फांद्या पाठीवर येणार. फुलं दोन्हीकडे सुलटी दिसायची तर अशी शाल दोन टोकांकडून विणत आणून मधे जोडावी लागते. अक्का महिनाअखेरीला कॅनडाला, मुलाकडे निघाल्या होत्या. परत कधी, हे घरात कुणी बोलत नव्हतं. एक टोक त्यांनी विणावं, एक मी, आणि पूर्ण शाल त्यांनी घेऊन जावी, असं मी सुचवलं.

"सरी, चालेल," त्या म्हणाल्या. "पण माझा हात घट्ट आहे. सासूबाई सांगून थकल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही बघ."

मी हसले. नवं डिझाईन हातात घेतलं की आधी तळहाताएवढा तुकडा विणून माप बघायचं असतं, हे शिकाऊ मुलीलाही माहीत असतं. आम्ही दोघी त्यात मुरलेल्या, म्हणून दोघींनीही तो विणला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी, उघड्या बॅगांच्या मधे, पलंगावर दोन्ही अर्ध्या शेजारी ठेवल्या. लोकर तीच, सुई तीच, खांबाचे टाके तेवढेच. त्यांची अर्धी चार बोटं अरुंद भरली. मला रडूच आलं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या त्या घट्ट हाताचा रागही आला. चुण्या घालून जोडून टाकू म्हटलं, तर त्यांनी साफ नकार दिला. चुरगळलेली शाल त्या पांघरणार नव्हत्या. तिकडे जाऊन मोठ्या सुईने आपली बाजू पुन्हा विणते, इकडे आले की जोडू, असं त्यांनी ठरवलं. मला तेवढंच हवं होतं. शालीसाठी का होईना, त्यांना यावं लागणार होतं.

पुढे तो नमुना मी मराठीत लिहून विणकामाच्या एका ग्रुपवर टाकला. दोन्ही बाजू एकाच हाताने विणाव्यात, अशी सूचना ठळक अक्षरांत घातली. नागपूर, कोल्हापूरहून बायकांचे फोटो येऊ लागले. एकीने हिरवी केली, तीही चांगली दिसत होती. कौतुक व्हायचं आणि मी धन्यवाद लिहीत राहायचे. वाट मात्र मी एकाच फोटोची बघत होते.

तो परवा आला. काचेच्या खिडकीशी अक्का उभ्या, बाहेर बर्फ, खांद्यावर अख्खी शाल. टाके घट्ट, एकसारखे, फुलं दोन्हीकडे सुलटी. सोबत त्यांच्या आवाजातला निरोप होता. "तिकडं येणं काय आता व्हायचं नाही. म्हणून दुसरी बाजू पण मीच विणले. बघ, आता बरोबर जुळली."

खरंच जुळली होती. फार सुंदर झालीये, असं मी लिहिलं. मग कपाटातून माझी अर्धी काढून मांडीवर घेतली. तिची दुसरी बाजू मलाही विणता येईल; डिझाईन माझंच आहे, लोकरही उरली आहे. पूर्ण करायला आता कुणाच्या येण्याची गरज नाही, आणि म्हणूनच सुई हातात घ्यावीशी वाटत नाही.