ऑक्टोबरची कात्री

दिंडोरी रस्त्यावरच्या आमच्या शेजाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस द्राक्षबाग मोडून मोह, हिरडा आणि बेहडा ही रानझाडे लावली. बोलताना त्यांची दोन बोटे कात्रीसारखी उघडमीट करत. पहिल्या ऑक्टोबरात, म्हणजे द्राक्षछाटणीच्या दिवसांत, त्यांनी सवयीने सगळी रोपे द्राक्षासारखी छाटली आणि निम्मी वाळली.

दुसऱ्या ऑक्टोबरात त्यांनी कात्री माझ्याकडे आणून दिली. “भाऊ, मागितली तरी देऊ नका.”

चौथ्या दिवशी ते आले. “एकच फांदी हाय. लय आडवी गेलीय.”

“नाही.”

“तुम्ही माणूस हाय का तलाठी?”

मी कात्री दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सगळी रोपे शाबूत होती. आमच्या कुंपणाची मेंदी मात्र विळ्याने गुडघ्याएवढी कापलेली होती.

“तुमची लय वाढली होती,” ते म्हणाले.