व्हय महाराजा, भाग पहिला

वास्तूला स्मृती असते. तिथे जगून गेलेल्या माणसांचे श्वास, त्यांची दुःखं, त्यांची अपुरी राहिलेली बोलणी भिंतींमध्ये मुरलेली असतात. आमच्या बोरिवलीच्या इमारतीत मात्र चौथ्या मजल्याच्या टाकीचं पाणी मुरलेलं आहे, आणि त्याबद्दल सर्वसाधारण सभेत दर वर्षी चर्चा होते.

ही ओल बघूनच ते सिनेमावाले आले. भुताटकीच्या इमारतीवर हिंदी सिनेमा काढायचा होता. दिग्दर्शक तिशीचा, गळ्यात रुद्राक्ष, पायात महागडे बूट. जिन्यात उभा राहून, पोपडे सुटलेल्या भिंतीवरून हात फिरवत तो म्हणाला, "क्या रॉ टेक्स्चर है!" आमचे सेक्रेटरी खूश झाले. इतकी वर्षं या भिंतीबद्दल त्यांना फक्त शिव्या ऐकून घ्याव्या लागल्या होत्या. चौथ्या मजल्यावरची बंद खोली आणि जिना आठवड्यासाठी द्यायचं ठरलं. ज्या एकाच भिंतीला ओल नव्हती तिलाही कलाविभागाने रंगाने ओल काढून दिली. पुढच्या पावसाळ्यानंतर खरी कुठली आणि खोटी कुठली, ते आम्हालाही सांगता येईना.

इमारतीत भुताचं शूटिंग म्हटल्यावर काही घरांत कुरकुर सुरू झाली. मग माझ्या मोठ्या काकीने तोडगा काढला, की आधी गाऱ्हाणं घालू या. आमच्या तळकोकणात देवाला नुसता नमस्कार करून भागत नाही. त्याच्यापुढे उभं राहून, घरातल्या वडीलमाणसाला सांगावं तसं सगळं नीट समजावून सांगावं लागतं. एक जण सांगतो, बाकीचे दर वाक्याला "व्हय महाराजा" म्हणतात. आमच्याकडे सांगणारे म्हणजे माझे मोठे काका. गिरणी गेली, गिरणीजवळची खोली गेली, गावच्या घरात भावकीने कुलूप घातलं. गाऱ्हाणं तेवढं राहिलं. गणपती असो, सत्यनारायण असो, कुणाच्या नव्या गाडीची पूजा असो, माणसं काकांना बोलवायला येतात. एरवी ते दिवसभरात दहा वाक्यं बोलत नाहीत.

काकांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि नारळ हातात धरून जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले.

"बा देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"ही परमुलखातली पोरां पोटासाठी हय इली हत, तेंच्या कामाक यश दी. ह्या बिल्डिंगीतल्या लेकराबाळांका सुखी ठेव. कोणाचा काय वाईट असात, ता वाटेत अडव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

दिग्दर्शकाचे डोळे चमकले. त्याने माइक मागवला. "अंकल, एक बार और. थोडा धीरे, थोडा भारी आवाज में." काकांना वाटलं, पोरगा भाविक आहे. त्यांनी पुन्हा घातलं, मग आणखी एकदा. नंतर कित्येक महिने, भेटेल त्याला ते सांगत होते, "सिनेमात माझा गाऱ्हाणा आसा."

सिनेमा लागला. नाव लिहीत नाही. त्याची जाहिरात माझ्या हातून होऊ नये. कांदिवलीच्या मल्टिप्लेक्समधल्या सकाळच्या खेळाचे पास सेक्रेटरींना मिळाले होते. थिएटरात आमची सोसायटी होती आणि कोपऱ्यात एक कॉलेजचं जोडपं, ज्यांना पडद्याशी कर्तव्य नव्हतं. काकांनी तोच सदरा घातला होता.

इतका गलिच्छ सिनेमा मी पाहिलेला नाही. रक्त म्हणून जे वाहत होतं ते पातळ कोकम सरबत होतं. भूत लिफ्टमधून यायचं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, पण भुताला होती. ती दृश्यं बहुधा अंधेरीत कुठेतरी उरकलेली. नायिका प्रत्येक दार उघडण्याआधी आंघोळ करायची. भुताला पांढरी बुबुळं बसवली होती आणि ती टोचत असावीत, कारण ते सारखं डोळे मिचकावायचं. काकीचा वेगळाच प्रश्न होता. ती माझ्या कानात म्हणाली, "गो, पण ह्या नक्की कोण? हडळ म्हणूचा तर पाय सरळ. गावचो राखणदार देवचार म्हणूचो तर तो आपली हद्द सोडून कोणाच्या घरात असो घुसणा नाय. ह्येंका कोणी काय सांगूक नाय काय?"

मध्यंतरानंतर गाऱ्हाणं आलं.

भूत एका लहान मुलीचा गळा आवळत होतं. मागून घोगरा, खाली ओढलेला, विहिरीतून आल्यासारखा आवाज: "लेकराबाळांकाऽऽ सुखी ठेऽऽव." प्रत्येक "महाराजा"ला कुणीतरी मरत होतं. नायिकेच्या तोंडातून काळं काहीतरी ओघळत होतं आणि त्यावर काका देवाला सांगत होते, की वाईट असेल ते वाटेत अडव. "व्हय महाराजा" म्हणणारे आम्ही सगळे, थकबाकीदारांसकट, अतृप्त आत्म्यांचा जमाव झालो होतो. पडद्याच्या तळाशी इंग्रजीत अक्षरं उमटली, की ही अज्ञात प्राचीन भाषा आहे. काकी याच भाषेत रोज भाजीवाल्याशी भांडते.

"माझा आवाज! ऐकलात? तिसरा व्हय माझा!" मागच्या रांगेतून सेक्रेटरी ओरडले.

काका आधी ताठ बसले होते. मग ते माझ्याकडे वळले आणि अगदी हळू म्हणाले, "माझो आवाज असो आसा?"

मला शिसारी आली. घाबरवायचं तर घाबरवा, तो धंदा आहे. पण दुसऱ्याच्या लेकरांसाठी मागितलेलं मागणं उचलून त्याच लेकरांच्या गळ्याला लावायचं, आणि तेही इतक्या आळशीपणे, की एक शब्द कुणाला विचारून घ्यावा असं वाटू नये!

मी दिग्दर्शकाला फोन केला.

"मॅम, इट साउंड्स सो डार्क ना! मतलब कौन समझता है?"

"आम्ही समझतो," मी म्हटलं. रागात माझं हिंदी नेहमी मराठीत जातं.

"अरे मॅम, अंकल नाराज हैं क्या? पार्ट टू में उनका नाम डाल देंगे."

त्यानंतर जिन्यात काका दिसले की इमारतीतली पोरं घोगरा आवाज काढून "महाराजाऽऽ" करायची. वाईट नव्हती पोरं. त्यांनी काकांचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकला होता, एवढंच. गणपती जवळ आले तेव्हा काकांनी सांगून टाकलं, "औंदा गाऱ्हाणा दुसऱ्या कोणाक घालूक सांगा. माझ्या तोंडाक भूत लागला." आधीच्या दहा वाक्यांतलीही बरीचशी गेली. काकी रोज दोनदा विचारायची, "बरा नाय काय?" ते मान हलवायचे.

सोसायटीच्या गणपतीपुढे मग सेक्रेटरी उभे राहिले. "हे गजानना, सर्व सभासदांना निरोगी ठेवावे, तसेच इमारतीचा पुनर्विकास विनाविलंब मार्गी लावावा, ही नम्र विनंती."

यात "व्हय महाराजा" कुठे म्हणायचं ते कुणाला कळेना. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

"सेक्रेटरी," काकी म्हणाली, "देवाक नोटीस धाडलात काय?"

पोरं फिदीफिदी हसली. एकाने सवयीने घोगरा आवाज काढला. काका मागे खुर्चीत बसले होते. ते उठले. मला वाटलं, घरी निघाले. ते पुढे आले, सेक्रेटरींच्या हातातला नारळ काढून घेतला आणि त्यांच्या रोजच्या, साध्या, किंचित किनऱ्या आवाजात म्हणाले, "बा देवा गणराया महाराजा."

कुणी ओ दिली नाही. मग काकी, जोरात: "व्हय महाराजा!"

"आज ही जी काय सेवा तुझ्या लेकरांनी केलेली आसा, ती गोड मानून घे रे महाराजा."

"व्हय महाराजा!" आता सगळे होते.

"आणि ज्या पोरांनी हय येऊन तो सिनेमा काढल्यानी, तेंची चूक पोटात घाल. तेंका खाऊक-जेवूक कमी करू नको. पण तेंका दुसरो सिनेमा काढूची बुद्धी मात्र दिव नको रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" इतक्या मोठ्याने, की चौथ्या मजल्यावर पोपडा पडल्याचा आवाज आला. मी पोरांकडे पाहिलं. सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता.

दुसऱ्या भागाचं शूटिंग मुलुंडला सुरू आहे.