उत्तमरावांचे तीन बीप

अकोल्यात मोटर वाइंडिंगची दुकानं ढीगभर, पण उत्तमरावांचा कान एकच. विहिरीवरची मोटर आली की ते पेचकसाचं टोक तिच्या अंगावर टेकवत, मूठ कानामागच्या हाडाला लावत आणि डोळे मिटून सांगत, "बेरिंग गेलं." उघडून पाहिलं की बेरिंगच गेलेलं असायचं. माणसाला कशाचा तरी तोरा असतोच. उत्तमरावांना तो कानाचा होता.

आणि गेली दोन वर्षं तोच कान दगा देत होता. जाड आवाज यायचे, बारीक आवाज गळून जायचे. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग पार्बताबाईंचं बोलणं, कारण बाईंचा आवाज मुळातच बारीक. "तीन शिट्ट्या झाल्या का गॅस बंद करजा," असं सांगून त्या एकदा शेजारी गेल्या, परत येऊन पाहतात तर डाळीचा कोळसा. "ध्यान नव्हतं," एवढंच हे म्हणाले. विचारलेल्याला उत्तर न देणारा नवरा म्हणजे माजलेला नवरा, अशी बाईंनी समजूत करून घेतली आणि त्यांचं बोलणं आटत गेलं. उत्तमरावांचा जीव तुटायचा. पण बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा माजलेला बरा, असं या गृहस्थाचं मत! आता याला काय म्हणावं?

त्यांची मुलगी दामिनी अमरावतीला राजापेठेत ट्यूशन क्लासमध्ये भरदार आवाजात फिजिक्स शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी रिमोटवरचे ट्रक शर्यतीत पळवते. त्या शनिवारी ती ट्रक घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरजवळच्या एका वावरात शर्यत होती.

"बाबा, काळ्या मातीत चाकं जागीच फिरून राहिलेत. याचा पंच कमी करून द्या ना."

ट्रकची मोटर ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे कार्बनचे ब्रश नसलेली. तिला किती करंट द्यायचा ते काड्यापेटीएवढा स्पीड कंट्रोलर ठरवतो आणि सुरुवातीचा झटका किती, त्याला म्हणायचं पंच. बटण नुसतं दाबलं की कंट्रोलर आहे त्या पंचाएवढे बीप देतो, दाबून धरलं की पंच एकाने बदलून नवे बीप देतो. एक बीप म्हणजे अगदी नरम, नऊ म्हणजे उधळलेला गोऱ्हा. बीपसोबत लुकलुकणारा दिवा मागच्या शर्यतीत फुटला होता, त्यामुळे सगळा भरवसा कानावर. दामिनीला तीन हवे होते. ते काम वडिलांवर सोपवून ती निर्धास्त आईपाशी जाऊन बसली.

दुकानात उत्तमरावांनी ट्रक कानाशी धरला. बटण दाबलं. काहीतरी वाजल्यासारखं झालं. दाबून धरलं, पुन्हा दाबून धरलं, आणि एकदाचे तीन बीप ऐकू आले. निदान त्यांना तसं वाटलं. मुलीला हाक मारून एकदा मोजायला लावलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही.

रविवारी शिट्टी झाली. दामिनीने ट्रिगर ओढला आणि ट्रक मागच्या चाकांवर उभा राहून ढेकळात उताणा पडला. बाकीचे ट्रक धुरळा उडवत निघून गेले. शर्यत भरवणारा किशोर हसून म्हणाला, "मॅडम, तुमचा बैल तर बुजला!"

दामिनीने ट्रक उचलून आणला. "किती बीपवर ठेवला होता, बाबा?"

"तीनवर."

"मंग कंट्रोलरच खराब निंगाला." तिने क्षणभरही बापावर शंका घेतली नाही. "किशोरभाऊ, दुसऱ्या फेरीतून माहं नाव काढा."

उत्तमरावांना वाटलं, हिने चार शिव्या हासडल्या असत्या तरी बरं झालं असतं. ते खाली बसले. हातांना चाळा म्हणून बटण दाबलं आणि मोटरीच्या डबीवर असलेलं बोट दचकलं. कंट्रोलरला वेगळा भोंगा नसतो, तो मोटरीलाच थरथरवून बीप काढतो. बोटाखाली ती थरथर स्पष्ट लागत होती. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात.

"थांब किशोर, नाव काढू नको," ते मोठ्याने म्हणाले. मग मुलीकडे वळले. "कंट्रोलर चांगला हाये, बाई. माहा कान गेला हाये. दोन वरसं झाले, बारीक काई ऐकू येत नाई मले. सात होते, मी तीन समजलो."

दामिनीने हातातला रिमोट बाजूला ठेवला. मग ती त्यांच्या शेजारी मातीतच बसली. बटण ती पुन्हा पुन्हा दाबून धरत गेली, उत्तमरावांनी डबीवर बोट ठेवलं, आणि थरथर तीनवर थांबल्याबरोबर दोघं एकदमच म्हणाले, "तीन!"

दुसऱ्या फेरीत ट्रक शहाण्यासारखा निघाला आणि तिसरा आला. परतताना गाडीत दामिनी कानाच्या डॉक्टरबद्दल मोठमोठ्याने बोलत होती. उत्तमराव मान डोलावत होते, पण त्यांचं लक्ष अकोल्याकडे लागलं होतं.

घरी पार्बताबाई मेथी निवडत होत्या. उत्तमराव चपला काढून थेट त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"पार्बता, मी माजलो नाई व. मले ऐकूच येऊन नाई राहिलं."

बाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. डोळे भरून आले, मग रागही आला. त्या जरा पुढे सरकल्या आणि आयुष्यात प्रथमच, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाल्या,

"मंग दोन वरसं मी कोणाशी बोलून राहिली होती?"